एका फुलीवर दोन दाणे, तरी इतक्या नांग्या कशा?

चोपडा तालुक्यातल्या एका तरुण शेतकऱ्यानं प्रश्न पाठवलाय. थोडक्यात असा: "सर, बीटी कपाशीच्या पाकिटावर उगवणशक्ती किमान ७५ टक्के लिहिलेली होती. चार बाय दोन फुटांवर फुल्या (दाणे लावायच्या खुणा) पाडून एका फुलीवर दोन दाणे लावले. माझा हिशोब असा की ७५ आणि ७५ मिळून १५० टक्के झाले, म्हणजे नांग्या, रोपाविना रिकाम्या जागा, पडायलाच नकोत. माझा मित्र कृषी पदविका करतोय. तो म्हणतो, स्वतंत्र घटनांचा गुणाकार करायचा असतो. ०.७५ गुणिले ०.७५ म्हणजे ०.५६, त्यामुळे दोन दाणे टाकून उगवण उलट कमीच झाली! पंधराव्या दिवशी शेतात पाच ठिकाणी वीस-वीस अशा १०० फुल्या मोजल्या. ६४ फुल्यांवर दोन्ही रोपं, २२ वर एकच, १४ फुल्या कोऱ्या. आमच्यात चूक कोणाची? आणि कंपनीनं फसवलं का?"

आधी निकाल सांगतो. कंपनीनं फसवलेलं नाही, निदान तू दिलेल्या आकड्यांवरून तरी तसं दिसत नाही. तुझी बेरीज चुकली. मित्राचा गुणाकार बरोबर आहे, पण तू न विचारलेल्या प्रश्नाचं ते उत्तर आहे. शिवाय तिसरी एक गडबड आहे, ती तुमच्या दोघांच्याही वहीत नाही, शेतात आहे. तिच्यापायीच हे उत्तर लांबणार आहे. मी चोवीस वर्षं जळगावात बियाण्यांची उगवण तपासण्याचं काम केलं. आता यावलकडे थोडी केळी, थोडी कपाशी करतो. त्यामुळे तुझा प्रश्न मला दोन्ही बाजूंनी ओळखीचा आहे.

आधी तुझी बेरीज. संभाव्यता शून्यापासून एकापर्यंतच असते, हे दहावीच्या बीजगणितात असतं. उत्तर १५० टक्के आलं तिथेच थांबायला हवं होतं. तीन दाणे टाकले असते तर २२५ झाले असते, मग काय फुलीवर सव्वादोन झाडं उगवणार होती? गंमत अशी की सव्वादोन हा आकडा एका अर्थानं खरा आहे. तीन दाण्यांतून सरासरी सव्वादोन रोपं येतात, दोन दाण्यांतून दीड. म्हणजे तुझ्या बेरजेनं रोपांची सरासरी बरोबर काढली. पण तुला हवी होती कोऱ्या फुलीची शक्यता, आणि ती सरासरीतून कळत नाही. एका फुलीवर दोन आणि शेजारची कोरी असली तरी सरासरी एकच येते.

बेरीज नेमकी कुठे फसते ते बघ. १०० फुल्या डोळ्यांसमोर आण. पहिला दाणा ७५ फुल्यांवर उगवला, दुसराही ७५ फुल्यांवर उगवला. पण दुसरा दाणा काही उरलेल्या २५ फुल्या शोधून तिथेच उगवत नाही. पहिला जिथे उगवला त्या ७५ फुल्यांपैकीही पाऊण भागात, म्हणजे ५६.२५ फुल्यांवर, दुसरा उगवणार. त्या फुल्या तू दोनदा मोजल्यास. एकदा वजा कर: ७५ + ७५ − ५६.२५ = ९३.७५. निदान एक तरी रोप असलेल्या फुल्या एवढ्या. मित्राचं ५६ कुठे बसतं तेही आता दिसलं असेल. ती दोन्ही दाणे उगवण्याची शक्यता आहे. "दोन्ही" आणि "निदान एक" या दोन शब्दांत ५६ आणि ९४ एवढं अंतर आहे. पोरं गणितात चुकतात ती बहुतेक वेळा गुणाकारात चुकत नाहीत, प्रश्न वाचण्यात चुकतात.

आमच्या घरी आजोबा म्हणायचे, दोन दाने टाका, एक ते उगीच! अहिराणीत "उगीच" म्हणजे उगवेलच. एकदा पुण्याकडचे पाहुणे ते ऐकून म्हणाले, उगीच कशाला टाकता मग? खरं तर दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होतं. उगवेलच, पण १०० पैकी ६ वेळा नाही उगवणार.

तुझी चूक फार जुन्या आणि मोठ्या लोकांनीही केलेली आहे, म्हणून वाईट वाटून घेऊ नकोस. सतराव्या शतकात फ्रान्समध्ये शेव्हालिए द मेरे नावाचा एक शौकीन जुगारी होता. एक फासा चार वेळा टाकला तर निदान एकदा सहा येईल, ही पैज घेणाऱ्याला फायद्याची असते. त्यावरून त्रैराशिक मांडलं जायचं: एका फाशाला सहा बाजू, चार फेकी, दोन फाशांच्या ३६ जोड्या, तर निदान एकदा दोन्हींवर सहा यायला २४ फेकी. चार षष्ठांश आणि चोवीस छत्तीसांश सारखेच की! बेरजेच्या डोक्यानं पाहिलं तर सारखेच. प्रत्यक्षात पहिल्या पैजेत जिंकण्याची शक्यता ५१.८ टक्के आणि दुसरीत ४९.१ टक्के. एक पैज नफ्याची, दुसरी तोट्याची. पास्काल आणि फर्मा या गणितज्ञांचा १६५४ सालचा पत्रव्यवहार याच माणसाच्या प्रश्नांवरून सुरू झाला आणि संभाव्यतेचं शास्त्र तिथून उभं राहिलं. आपल्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, पत्ते कुटत बसणाऱ्यांच्या प्रश्नांतून असलं काही उभं राहिलं नाही, ही वेगळी गोष्ट.

"निदान एक" असा प्रश्न आला की उलट बाजूनं मोजायचं. निदान एक उगवणार याचं उलट काय? एकही न उगवणं. त्याला एकच वाट आहे: पहिला नाही आणि दुसराही नाही. एक दाणा न उगवण्याची शक्यता ०.२५. दोन्ही न उगवण्याची ०.२५ × ०.२५ = ०.०६२५. ती एकातून वजा केली की ०.९३७५. वर बेरीज-वजाबाकी करून आलेलंच उत्तर, पण दाणे वाढले तरी ही वाट लांबत नाही. तीन दाण्यांना ०.२५ तीन वेळा, चारला चार वेळा. द मेरेची पहिली पैजही अशीच: पाच षष्ठांशचा चार वेळा गुणाकार करायचा आणि एकातून वजा करायचा.

सरळ बेरीज कधीच चालत नाही असं नाही. दोन गोष्टी एकत्र घडूच शकत नसतील तर चालते. तुझ्या मोजणीतली एखादी फुली एकाच वेळी कोरी आणि एका रोपाची असू शकत नाही, म्हणून १४ आणि २२ मिळून ३६ फुल्यांवर दोनपेक्षा कमी रोपं आहेत, हे बिनधास्त म्हण. पुस्तकात याला परस्पर अपवर्जी घटना म्हणतात. हा शब्द आणि "स्वतंत्र" हा शब्द पोरं हमखास एकमेकांच्या जागी वापरतात, आणि मला याचा फार राग येतो, कारण दोन्ही जवळजवळ उलट आहेत. एक घडलं की दुसरं घडणं शक्यच नाही, तर पहिल्याची बातमी कळताच दुसऱ्याची सगळी बातमी कळते. यात स्वतंत्र काय राहिलं? स्वतंत्र म्हणजे पहिल्याची बातमी कळूनही दुसऱ्याबद्दल तुझा अंदाज जराही बदलत नाही. ही व्याख्या ध्यानात ठेव, पुढे लागणार आहे.

आता एकराचा हिशोब. चार बाय दोन म्हणजे एका फुलीला आठ चौरस फूट, एकरात ४३,५६० चौरस फूट, म्हणजे ५,४४५ फुल्या. एकेक दाणा लावला असतास तर पाव भाग कोरा, साधारण १,३६१ नांग्या. दोन दाण्यांना ३४०. तीनला ८५. बघ, पहिल्या वाढीव दाण्यानं हजारावर फुल्या वाचवल्या, दुसऱ्यानं अडीचशे. खर्च मात्र दर वेळी तेवढाच, ५,४४५ दाणे, म्हणजे जवळपास एक अख्खं पाकीट. शिवाय दोन दाण्यांत ५६ टक्के फुल्यांवर, म्हणजे तीन हजारांवर ठिकाणी, दोन-दोन रोपं येणार आणि विरळणीची मजुरी लागणार, ती वेगळी. आपल्याकडे दोन दाण्यांवर थांबण्याची रीत पडली ती कुणी पाढे करून नव्हे, पण पाढे तिच्या बाजूनंच आहेत.

हे ३४० म्हणजे नेमके ३४० नव्हेत. नशिबानं थोडं इकडे-तिकडे होणारच. किती? फुल्यांची संख्या, कोरी असण्याची शक्यता आणि कोरी नसण्याची शक्यता यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ काढ: ५,४४५ × ०.०६२५ × ०.९३७५, वर्गमूळ साधारण १८. त्याच्या दुपटीपर्यंत म्हणजे ३०० ते ३८० नांग्या निघाल्या तर कुणाकडे बोट दाखवू नकोस.

एकच रोप असलेल्या फुल्यांचा आकडा काढताना बरेच जण अर्धंच उत्तर काढतात. पहिला उगवला आणि दुसरा नाही: ०.७५ × ०.२५ = ०.१८७५. इथे थांबू नकोस. पहिला नाही आणि दुसरा उगवला, हीसुद्धा वाट आहे. म्हणून दुप्पट, ०.३७५. तीन दाण्यांत एकच उगवण्याच्या तीन वाटा, दोन उगवण्याच्याही तीन. कुठला दाणा उगवायचा हे निवडण्याच्या या वाटा मोजण्याचं गणित आपल्या अंगणातलं आहे. चाळीसगावजवळ पाटणादेवीला गेला असशील. तिथला शिलालेख भास्कराचार्यांच्या घराण्याबद्दल आहे. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातू चांगदेव यानं मठ स्थापन केला त्याची नोंद त्यात आहे. भास्कराचार्यांनी ११५० साली लिहिलेल्या 'लीलावती'त आठ दारांच्या महालाचं उदाहरण येतं: एक-एक, दोन-दोन, तीन-तीन अशी दारं उघडी ठेवण्याचे प्रकार किती? सगळे मिळून २५५. त्याच्या सोबतच सहा रसांच्या मिश्रणांचंही आहे, त्याचं उत्तर ६३. वाटा मोजायला तिथे शिक आणि प्रत्येक वाटेची शक्यता लावायला पास्कालकडे जा, की द्विपद वाटणी, म्हणजे इतक्यांपैकी किती दाणे उगवतील याच्या शक्यतांचा तक्ता, हातात आली.

"दोन्ही" किंवा "सगळे" असा प्रश्न असतो तेव्हा मित्राचा गुणाकार जसाच्या तसा लागतो. ठिबक चालायला वीज हवी, मोटार हवी, विहिरीत पाणी हवं. समज, ठरल्या वेळी वीज असण्याची शक्यता ०.८, मोटार धड असण्याची ०.९५, पाणी असण्याची ०.९. तिन्ही हवीत म्हणून गुणाकार: ०.६८४. तिन्ही कड्या एकेकट्या बऱ्या आहेत, साखळी मात्र तीन दिवसांतून एकदा तुटते. केळीच्या ऊतिसंवर्धित रोपांबद्दल कुणी "९८ टक्के जगतात" म्हणालं तर ते चांगलंच आहे, पण शंभराच्या शंभर जगण्याची शक्यता ०.९८ चा शंभर वेळा गुणाकार, म्हणजे जेमतेम १३ टक्के. दोन-चार मेली म्हणून रोपवाटिकेवर भांडायला जाऊ नये ते यासाठी.

इथपर्यंतचं सगळं कुठलाही क्लासवाला सांगेल. आता तुझ्या शेताकडे वळू, कारण गणितानं ६ कोऱ्या फुल्या सांगितल्या आणि तू १४ मोजल्यास.

पहिली शंका: उगवण ७५ टक्के नसेलच. तपासू. १०० फुल्यांवर २०० दाणे. उगवले किती? ६४ फुल्यांवर दोन-दोन म्हणजे १२८, अधिक २२, एकूण १५०. दोनशेत दीडशे. बरोब्बर ७५ टक्के. पाकिटावरचा आकडा खोटा नाही. (तो किमान आकडा असतो आणि प्रयोगशाळेतला असतो, शेतात त्यापेक्षा कमी येणंही नवल नाही. तुझं तर तेवढं आलंय.)

दुसरी शंका: नशीब. १०० फुल्यांसाठी तेच वर्गमूळ काढलं तर २.४ येतं. ६.२५ च्या जागी १४ म्हणजे तिपटीहून जास्त लांब. नशिबानं असं होणं फार विरळ.

मग उरलं काय? दाणे स्वतंत्र होते हे गृहीत. आपण ०.२५ ला ०.२५ नं गुणलं तेव्हा गुपचूप मानून चाललो की पहिला दाणा मेला ही बातमी कळली तरी दुसऱ्याची शक्यता ०.२५ च राहते. तुझ्या आकड्यांत तसं दिसत नाही. दोन दाण्यांना तोंडपाठ ठेवण्यासारखी एक कसोटी आहे: दाणे स्वतंत्र असतील तर एक-रोपाच्या फुल्यांचा वर्ग हा दोन-रोपांच्या आणि कोऱ्या फुल्यांच्या गुणाकाराच्या चौपट असतो. ७५ टक्क्यांना ताळा घे: ३७.५ चा वर्ग १,४०६.२५; ५६.२५ × ६.२५ × ४, तेही १,४०६.२५. उगवण ६० असो की ९०, ही बरोबरी टिकते, म्हणून उगवण माहीत नसली तरी कसोटी लावता येते. आता तुझे आकडे: २२ चा वर्ग ४८४. आणि ६४ × १४ × ४ = ३,५८४. सातपटीहून जास्त फरक. एकट्या रोपाच्या फुल्या फार कमी, दोन्ही टोकांच्या फार जास्त. तुझे दाणे जोडीनं तरतात आणि जोडीनं मरतात.

का, ते मला इथे बसून नक्की सांगता येणार नाही, पण संशयित सगळे ओळखीचे आहेत. एकाच खड्ड्यातल्या दोन दाण्यांना एकच ड्रिपर पाणी देतो. तो चोंदला की दोघे कोरडे. मजुराच्या हातानं खड्डा खोल गेला तर दोघांसाठी गेला. वाणी, म्हणजे तो अनेक पायांचा किडा, ज्याला कुणी पैसा म्हणतात, तो एक कोंब खाऊन सभ्यपणे निघून जात नाही. उंदीर-खार यांचंही तेच. उलट बाजूनंही जोडी जमते: पाऊस पडून वर पापडी धरली की दोन कोंब मिळून ती फोडतात, एकट्याला जड जातं. त्यातही एक साधी शक्यता विसरू नकोस, काही फुल्यांवर दाणे पडलेच नसतील. संध्याकाळच्या शेवटच्या ओळींत हे होतं, आणि त्यात बियाण्याचाही दोष नसतो आणि संभाव्यतेचाही.

समज, शेताच्या काही फुल्या मुळातच मेलेल्या आहेत, तिथे काहीही टाका, उगवणार नाही. आणि उरलेल्या जिवंत फुल्यांवर दाणे एकमेकांपासून स्वतंत्र आहेत. तुझ्या ६४ आणि २२ वरून उलटं गणित केलं तर जिवंत फुल्यांवर दाण्याची उगवण ८५ टक्के निघते आणि मेलेल्या फुल्या १२ टक्के, म्हणजे दर आठांत एक. एकरी साधारण ६६० फुल्या मेलेल्या, आणि केवळ नशिबानं कोऱ्या राहिलेल्या जेमतेम १००. तुझं बियाणं पाकिटापेक्षा चांगलं होतं रे! त्याला जागा वाईट मिळाली.

म्हणूनच पुढच्या वर्षी तू तीन दाणे टाकायचं ठरवशील, तर थांब. स्वतंत्र दाण्यांच्या हिशोबानं तिसरा दाणा नांग्या ३४० वरून ८५ वर आणतो, असं आपण वर काढलं. तुझ्या शेतात तो जिवंत फुल्यांवरच्या शंभरातल्या ८८-९० वाचवेल आणि मेलेल्या ६६० ना हातही लावणार नाही. एक पाकीट जास्त फोडून १४ टक्क्यांवरून साडेबारावर येशील, बस. जिथे दोघे एकाच कारणानं मेले तिथे तिसराही त्याच कारणानं मरतो.

हा धडा मला शेतातल्या दाण्यांनी नाही, मोटारींनी शिकवला. केळीला उन्हाळ्यात पाण्याचा खंड चालत नाही म्हणून मी दुसऱ्या विहिरीवर दुसरी मोटार बसवली. मनात गणित तयार: एक मोटार एखाद्या दिवशी बंद असण्याची शक्यता ५ टक्के, दोन्ही एकदम बंद असण्याची ०.०५ × ०.०५, पाव टक्का. उन्हाळ्याच्या १२० दिवसांत एखादा दिवससुद्धा नाही. चोवीस वर्षं हेच शिकवून झालेला माणूस, आणि दोन्ही मोटारी एकाच डीपीवर, म्हणजे वीज रोहित्रावर, आहेत हे माझ्या ध्यानात आलं नाही. डीपी जळाली आणि दोन्ही मोटारी एकदम गप्प. बायको म्हणाली, तुमचं ते पाव टक्का कुठेय? नंतर हिशोब नीट केला. त्या ५ टक्क्यांतले ३ टक्के डीपीचे आणि उरलेले मोटारीचे स्वतःचे धरले, तर दोन्ही एकदम बंद असण्याची शक्यता ३ टक्क्यांच्या थोडी वर येते. १२० दिवसांत साडेतीन-चार दिवस. माझ्या अंदाजाच्या बारा पट. दुसरी मोटार सौर पंपावर नेली तेव्हा कुठे तो गुणाकार करण्याचा हक्क मिळाला, तोही पूर्ण नाही. ढगाळ आणि वादळी दिवस दोघांनाही नडतात.

पत्त्यांतही हेच आहे, फक्त उलट दिशेनं. पिसलेल्या जोडातून एक पत्ता काढला, एक्का निघाला, तो परत ठेवला नाही. आता दुसरा एक्का निघण्याची शक्यता ५२ पैकी ४ राहिली नाही, ५१ पैकी ३ झाली. लागोपाठ दोन एक्क्यांची शक्यता २२१ मध्ये एक. पत्ता परत ठेवून पिसला असता तर १६९ मध्ये एक. गुणाकार दोन्हीकडे आहे, फक्त दुसऱ्या आकड्यात पहिल्याची बातमी मिसळावी लागते. फासा किंवा नाणं मात्र काहीच लक्षात ठेवत नाही. पाच डाव हरलो म्हणून सहावा येणारच, असं म्हणत आखाजीला खिसा रिकामा करणारे भाऊबंद मी पाहिलेत, तुझ्याही गावात असतील.

प्रयोगशाळेत आम्ही काय करायचो ते सांगतो, कारण पाकिटावरचा ७५ हा आकडा त्या शिस्तीतून येतो. कपाशीचे ४०० दाणे घ्यायचे, शंभराचे चार भाग. ओल्या कागदाच्या गुंडाळीत अंतर राखून मांडायचे, चौथ्या दिवशी पहिली मोजणी, बाराव्या दिवशी शेवटची. बुरशी धरलेला दाणा दिसला की काढून टाकायचा, नाहीतर तो शेजाऱ्याला नासवतो. ही सगळी खटपट दाणे एकमेकांपासून स्वतंत्र राहावेत म्हणून. आणि शेवटी त्याचीही परीक्षा असते: चार भागांची सरासरी ७५ आली, तर सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी उगवलेल्या भागांत १७ पेक्षा जास्त फरक चालत नाही. ८२, ७८, ७४, ६६ आले तर ठीक. ८८, ८०, ७२, ६० आले तर सरासरी तीच ७५, पण चाचणी रद्द, पुन्हा करा. तो १७ कुणाच्या मनातून आलेला नाही. शंभर स्वतंत्र दाणे नशिबानं किती मागे-पुढे होतील, त्याच द्विपद गणितातून तो काढलेला आहे. नवीन आलेली पोरं विचारायची, सरासरी बरोबर आहे ना, मग पुन्हा कशाला? कारण फरक जास्त म्हणजे एखाद्या भागाचं पाणी, कागद किंवा बुरशी काहीतरी सगळ्या शंभरांना मिळून भोवलंय.

तू नकळत शेतात तीच परीक्षा केलीस. पाच ठिकाणी वीस-वीस मोजलेस ते फार बरं केलंस. एकाच ओळीत शंभर मोजल्या असत्यास तर एका चोंदलेल्या नळीनं सगळा आकडा बिघडवला असता.

आता करायचं काय. पुढच्या हंगामात लागवडीच्याच दिवशी नांग्या भरायला पिशव्यांत रोपं लाव, तिसऱ्या दाण्यापेक्षा हा विमा कधीही चांगला. शेतातला ड्रिपर, वाणी, पापडी यांचा घरामागच्या पिशवीशी संबंध नाही, म्हणजे इथे स्वतंत्र असणं बरंचसं खरं आहे. ७६० नांग्या धर, निगराणीत ८५ टक्के उगवण धर, साधारण नऊशे पिशव्या लागतील. मेलेल्या जागा आधी दुरुस्त केल्यास तर दीडशेत भागेल. दुरुस्त न करताच त्यात रोप लावशील तर तेही जाईल, हे वेगळं सांगायला नको.

दुरुस्तीसाठी एक काम आजच कर, रोपं मोठी झाल्यावर दिसणार नाही. कागदावर ओळी आख आणि कोऱ्या फुल्यांना खूण कर, निदान दहा-बारा ओळी. खुणा नळीच्या शेवटाकडे दाटल्या असतील तर नळ्यांची टोकं उघडून धुवून काढ आणि शेवटच्या ड्रिपरखाली वाटी ठेवून पाणी मोज. खुणा बांधाच्या कडेनं असतील तर उंदीर-वाणी बघ. एखाद्या-दुसऱ्या ओळीत सलग असतील तर त्या ओळीत त्या दिवशी कोण होतं ते आठव, पण भांडू नकोस. आणि कुठेच न दाटता शेतभर विखुरलेल्या असतील, तर चार-पाच कोऱ्या फुल्या हातानं उकरून बघ: दाणा सापडतो का, सापडला तर किती बोटं खोल, आणि कोंब फुटून मेला की फुटलाच नाही. तो कागद आणि हे उकरलेलं पाठव, मग पुढचं बोलू.